गुलकंद, मुक्काम धायरी

शाल्मली बंगळूरला गेली त्याच्या चौथ्या दिवशी
मिरीनं गुलकंदचा पाय खाल्ला.
पुढचा, डावा. कोपरापासून.
भूक लागली असेल, किंवा समोर काहीतरी हललं म्हणून.
काचेमागे दोघंही तशीच हसत होती.
ॲक्सोलॉटलची तोंडंच तशी, जन्मतः.

डॉक्टर कुत्र्यामांजरांचे. फोटो पाहून म्हणाले,
पोकळे, ही पाल आहे का मासा?
म्हटलं, मुलगी सांगते, दोन्ही नाही.
तरी त्यांनी कुणालातरी फोन लावून विचारलं.
वेगळा ठेवा. गार ठेवा. अंधारात ठेवा.
रोज सगळं पाणी बदला, आणि हात लावू नका.
औषध?
म्हणाले, हेच.

मग कैऱ्या धुवायचा पांढरा टब
सुलभानं कुरकुरत दिला.
वर कंपनीतला माझा जुना निळा शर्ट पांघरला.
एप्रिल. शेवटचा मजला, रात्री अकरापर्यंत तापलेला स्लॅब.
फ्रीजमधून पन्ह्याची बाटली बाहेर,
तिच्या जागी पाणी गोठवलेल्या बाटल्या.
तीन-तीन तासांनी एक, टबाच्या कडेला, अलगद,
प्रेसमध्ये साचा बसवतात तशी.
मला तेवढंच येतं.

गुरुवारी पाणी बंद.
बुधवारीच बादल्या, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवला,
उघडा, क्लोरीन उडून जावं म्हणून.
सुलभा म्हणाली, माझ्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतं.
खरं होतं. माझी तेव्हा दुसरी पाळी होती.

रात्री फोन.
गुलकंद कसाय?
मजेत.
आणि मिरी?
तीही मजेत.
त्यातलं निम्मं खरं.

नऊ दिवस काही नाही.
कापसासारखं काही धरलंय का,
चष्मा पुसून पुसून बघायचो.
खात नव्हता.
चाकणकरांच्या नर्सरीतून कुंड्यांखालची गांडुळं आणली.
चिमट्यात धरायचं, तोंडासमोर जरासं हलवायचं,
आग्रह करायचा नाही. आमच्या घरात हे अवघड.
दहाव्या दिवशी तोंड उघडलं
आणि गांडूळ आत गेलं, ड्रॉवर बंद व्हावा तसं.
मी एकटाच, मोठ्यानं, शाब्बास म्हणालो.

पुढे मटकीला मोड यावा तसं.
टोकाशी आधी ठिपका,
मग चपटं, आरपार दिसणारं, वल्ह्यासारखं काही.
दूध तापवायच्या आधी रोज ते बघायचं.

नऱ्ह्याच्या शेडमध्ये माझं बोट गेलं तेव्हा
फॉर्मवर त्याचे टक्के छापलेले होते.
किती ते विसरलो. त्यातून शिलाई मशीन आली.
टाके काढणारी नर्स म्हणाली, होईल सवय.
झाली. फक्त थंडीत
जे नाही तिथे खाज येते.
गार बाटली ठेवताना भर मे महिन्यात यायची.
गुलकंदलाही येत असेल का,
डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं.

महिनाअखेर पंजा फुटला.
भिंगातून मोजली. एक, दोन, तीन.
आठवड्यानं चौथं.
मग थांबलं.
मी वाट पाहिली. गांडूळ एक जास्त दिलं.
एक बाटली वाढवली.
पाचव्याचा कोंब कुठेच नाही.
वाटलं, माझ्याच हातून काही राहिलं असणार,
एखाद्या गुरुवारी.

शेवटी न राहवून रात्री विचारलं,
काय गं, यांना पुढच्या पायाला बोटं किती?
चार, ती म्हणाली. चारच असतात, बाबा.
मग जरा थांबून,
का?

फोन खांद्याशी दाबलेला, डावा हात टबात,
वितळलेली बाटली काढत होतो.
तेवढ्यात तो आला तळातून, सावकाश,
आणि नवा पाय माझ्या पंजावर ठेवून उभा राहिला.
मी हात लावला नव्हता.

काही नाही, म्हटलं.
सहज मोजत होतो.