द्रावक

घोड्यांच्या दुकानातून आणली ती बाटली.
चाऱ्याच्या गोण्या, नाल, खरारे,
आणि खालच्या फळीवर, जंतांच्या औषधाशेजारी, ही.
लेबलवर लिहिलेलं: फक्त द्रावक म्हणून वापरावे.
काउंटरवरच्या पोराने विचारलं, घोडी किती वर्षांची?
मी म्हटलं, सदुसष्ट.
तो हसला नाही. म्हणाला, माझी आजी पण हेच नेते.

कुंदाची नागीण गेल्या मार्चमध्ये गेली.
तोंड आणि शेपूट जुळलं नाही
म्हणून तिच्या मावशीने फलटणहून फोनवर सुटकेचा श्वास टाकला.
पण सरपटल्याची वाट राहिली,
डाव्या पात्यापासून बरगडीवरून छातीखाली,
चार बोटं रुंद.
तिथे गाऊनची शिवण टेकली तरी विस्तव.

डॉ. लिंडक्विस्ट गोळ्या बदलून पाहतात.
एकीने झोप येते, दुसरीने शब्द हरवतात.
परवा तिला ‘झारा’ आठवेना,
हवेतल्या हवेत पुऱ्या काढून दाखवत राहिली.
बाटलीचं विचारलं तर म्हणाले, पुरावा नाही.
मग चष्मा पुसत,
मी तुम्हाला लावा असं म्हणणार नाही.
ते वाक्य आम्ही दोघांनी घरी आणलं
आणि आपापल्या सोयीने पुरं केलं.

मला हे पाणी ओळखीचं.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, इथेच, केमसला, नदीकाठी.
लाकूड शिजवलं की काळा रस उरतो,
त्यातून निघतं हे.
पिंपांवर हातमोज्यांचं चित्र असायचं.
त्याआधी शाळेत बापट सरांच्या फळ्यावर:
द्राव्य, द्रावक, द्रावण.
मीठ, पाणी, खारट पाणी.
यातल्या एका शब्दाला वर्तमानपत्रवाले
आधी हृदय जोडतात
आणि अपघाताची बातमी देतात.

शेजारची डार्लीन तिच्या घोडीच्या गुडघ्याला लावते,
रात्री स्वतःच्याही.
ती कुंपणावरून बजावून गेली,
हात आधी स्वच्छ.
कातडीवर जे असेल त्याला हे बोट धरून आत नेतं,
साबण म्हणू नका, अत्तर म्हणू नका.
मी नखं कापली. ब्रश घासला, लिंबू चोळलं.
स्वयंपाक हल्ली माझ्याकडे,
अंगठ्याच्या कडेची पिवळी रेघ काही निघेना.
कुंदा म्हणाली, जाऊ दे ती आत.
तुमची उष्टी हळद लावली होती मला,
ती काय बाहेरच राहिली?

चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं.
रबराचे मोजे यात विरघळतात म्हणे,
म्हणून बोटांनीच.
नागिणीनंतर पहिल्यांदाच त्या पट्ट्याला माझा हात.
तिने श्वास धरला.
गरम झालं, लाल झालं, खाजलं.
मी घड्याळ पाहत होतो, जुनी खोड.
चार मिनिटांनी तिच्या तोंडात लसूण.
पाठीवर ठेवलेलं जिभेवर!
म्हणाली, ऐन श्रावणात बाटवलंत.
मग माझ्याही जिभेवर आली तीच चव,
मी तर फक्त हात लावला होता.

दोन म्हाताऱ्यांच्या तोंडाला एक वास,
खिडक्या सताड टाकून निजलो.
बरं वाटतंय का, विचारलं.
बराच वेळ गेला.
वेगळं वाटतंय, म्हणाली.
तीन तास झोपली.
बाटलीने, हाताने, की नुसती दमून,
वहीत काही लिहिलं नाही.
गिरणीत अशा नोंदीला आकडा लागायचा.

मी जागा होतो.
पलीकडे गिरणीचा एकच दिवा,
आणि जीभ टाळूला लावून मी पुन्हा पुन्हा पाहत होतो.
चव आली होती, तिच्या कातडीवरून माझ्या तोंडात,
पूर्ण.
तेवढीच आली.