तिसरा रकाना

फेब्रुवारी. इश्पेमिंगमध्ये खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ,
टेबलावर चौथीच्या एकवीस वह्या.
गृहपाठ सोपा दिला होता:
घरात काहीतरी तापवा. बघा. लिहा.
रकाने दोनच.
पुन्हा पहिल्यासारखं होतं. होत नाही.

वीस जणांनी लोणी वितळवलं,
थिजवलं, आणि सुटले.
लेम्पी कोस्किनेनची दोन पानं मात्र
एकमेकांना अशी चिकटलेली
की सुरीनं सोडवावी लागली.

‘पाव आधी नुसता गरम झाला,’ ती लिहिते.
‘मग त्यातली वाफ गेली. मग वास आला,
वासामागून रंग.
टोस्ट मी रात्रभर खिडकीबाहेर ठेवला.
सकाळी तो गार टोस्ट होता.
पाव नव्हता.’
समासात मी लिहिलं, शाबास.

‘मार्शमॅलो बाबांनी भाजला.
ते लोहखनिजाच्या बोटीवर असतात,
सरोवर गोठलं की घरी येतात.
शेगडीचं दार उघडून त्यांनी काटा आत धरला.
तो बेडकाच्या गळ्यासारखा टम्म फुगला.
आई म्हणाली, आतली हवा तापली
की तिला जागा पुरत नाही.
बाबा म्हणाले, मलाही.
मग कुणीच काही बोललं नाही
आणि तो एका अंगानं पेटला.

बाबांनी फुंकर मारली.
वरून कोळसा, आतून चीक.
गार झाल्यावर बसला,
होता त्याहून लहान, सुरकुतलेला.
आम्ही पुन्हा तापवला.
फुगला, पण तितका नाही.’

खाली पट्टी न लावता
तिनं तिसरा रकाना आखलाय, वाकडा:
परत येतं, पण माप चुकतं.
त्यात लिहिलंय, मार्शमॅलो.
त्याच्याखाली एक शब्द
खोडरबरानं इतका घासलाय
की कागद विरलाय.
दिव्यासमोर धरला तर वाचता येतो.

आर्व्हो कोस्किनेन याच वर्गात होता,
खिडकीजवळच्या बाकावर.
एकदा त्यानं टोस्ट इतका करपवला
की आगीची घंटा वाजली,
सगळी शाळा बर्फात कुडकुडत उभी,
आणि हा हसतोय.
मला ते हसू अजून आठवतं.
परवा किराणा दुकानात भेटला,
हातात पावाची लादी.
‘कसं काय, सर,’ म्हणाला, आणि नजर
माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी,
जणू तिथे पाणी होतं.

सव्वीस वर्षं शिकवतोय.
साखर का तपकिरी होते,
जिलेटिनचे धागे कधी सैल पडतात,
फळ्यावर काढून दाखवू शकतो.
उत्तरपत्रिकेत रकाने दोनच आहेत.
ती मीच तयार केली.

खोडलेल्या शब्दाला गुण देता येत नाहीत,
कापताही येत नाहीत.
लाल पेन थोडा वेळ तसाच धरला,
मग टोपण लावलं.
वही मिटताना पानं पुन्हा चिकटली.
चिकटू दिली.