पसंतीचा नंबर

सात रस्त्याच्या कोपऱ्यावर माझं टपरीएवढं दुकान,
जिलानी रेडियम आर्ट.
एकोणीस वर्षं मी एम एच तेराच्या पुढचे चार आकडे लिहिले.
त्यातले बरेचसे आकडे नव्हतेच.

चाराची पाठ जरा वाकवली की द होतो,
एकाच्या डोक्यावर रेघ ओढली की काना.
एकेचाळीस एकेचाळीस : दादा.
हवालदारानं पावती फाडली, पेन खिशाला लावलं,
मग हळूच म्हणाला, आमच्या मेव्हण्याला 'मामा' पाहिजे,
कुठला नंबर बसतंय बघ की.
म्हटलं साहेब, तोच.
चाराच्या पोटात गाठ मारली की म.
एकाच नंबरात दादा बी बसतोय, मामा बी,
कोण व्हायचं ते ब्रशवर.

आता प्लेटी छापून येतात,
दोन्ही बाजूंना न निघणारे खिळे.
चार तो चार.
मी हेल्मेटवर पोरांची नावं चिकटवतो.

तरी नंबरला किंमत येतेच.
हत्तुरे आणि हिप्परगी, खडीचे दोन धंदे, एकच रस्ता,
दोघांनाही नऊ पाहिजे होता,
आधी तीन शून्यं, मग नऊ.
बंद पाकिटात डीडी.
आणि पाकीट फोडेपर्यंत दोघांनाही कळत नव्हतं
आपल्याला तो हवाय,
की त्याला मिळू नये असं हवंय.
हिप्परगीचा डीडी अकराशेनं जास्त निघाला.
हत्तुरेनं अठरा घेतला आणि गावभर सांगत सुटला,
बेरीज करा की ओ, खरा नऊ आत असतोय.

तेव्हा मी मनाशी पक्कं केलं,
आकड्याला स्वतःचं वजन नसतं,
ते समोरच्या पारड्यात कोण बसलंय त्यावर.

मग अंबादास इराबत्ती आला.
टॉवेलच्या कारखान्यात कामाला, हप्त्यावर नवी स्कूटी,
नंबर अठराशे एकोणपन्नास.
आरटीओतला कारकून म्हणे दोनदा चष्मा पुसून बोलला,
अरे हा कोण मागत नाही.
बेरीज चार. राहूचा.
थांबलास तर असाच येईल एखाद्याला, फुकटात.
पोरानं पसंतीचे पैसे मोजले.
नोटांना खळीचा वास होता.

मला म्हणाला, डिकीवर परत एकदा लिहा, मोठ्ठा,
नायनाला बारीक दिसत नाही.

नायना बाकड्यावर बसले होते, नरसय्या इराबत्ती,
मिलच्या साचेखात्यात बत्तीस वर्षं.
पितळेचा बिल्ला होता, रुपयाहून थोडा मोठा.
भोंगा व्हायच्या आत उचलायचा,
सुटताना परत खुंटीला.
हरवला तर पगारातून दंड.
नरसय्या म्हणून हाक तिथं कुणी मारली नाही,
अठराशे एकोणपन्नास, धोटा बदल.
अठराशे एकोणपन्नास, उद्या रातपाळी.
चिमणीचा धूर थांबला त्या आठवड्यात
बिल्ले मोजून जमा करून घेतले, पोत्यात भरले.

मी रेडियम दाबून बसवलं, वरचा कागद सोलला.
म्हातारा उठला, बोटानं एक चाचपला, आठ चाचपला,
नऊच्या शेपटीशी थांबला.
चेहऱ्यावर आनंद नव्हता, मी नीट पाहिलं.
म्हणाला, हा रोज संध्याकाळी परत द्यायचा असतोय, माहीत हाय ना?
एवढी वर्षं देत होतो,
अन् तू इकत आणलास?

अंबादास कागदपत्रांची पिशवी चाचपत राहिला.
मग म्हणाला, आता नाही द्यायचा नायना,
पंधरा वर्षांची नोंद हाय.

पंधरा, म्हातारा पुटपुटला,
ओठांत कसलीशी बेरीज केली,
आणि धोतर सावरून मागे बसला, एका अंगानं.
निघता निघता मला विचारलं,
किती झालं?

रेडियमचे चाळीस, मी म्हटलं.
बाकीचं मला सांगता येत नाही.