तितूरचं अर्धं तिकीट

वापरलेली तिकिटं हेड ऑफिसला जमा करायची असतात.
बाबांनी केली नाहीत.
ती ट्रंकेतली पुठ्ठ्याची तिकिटं
मी नऊ वर्षं विकली, एकेक करून.
छोट्या लाईनची. कुही, उमरेड, भिवापूर, नागभीड.

लिलाव रात्री नऊला संपायचा.
पावणेनऊला मी गॅस बारीक करून
मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून बसायची.
मिरजेचे ओगले आठ एकोणसाठला यायचे,
त्याआधी कधीच नाही.
झारसुगुड्याचा दुसरा एक
आधीच पाच रुपये चढवून त्यांची वाट पाहत असायचा.
बावीस. सत्तावीस. एकतीस!
एकतीस रुपयांसाठी दोन म्हातारे
मला घामाघूम करायचे.
म्हातारे असतील, हे मीच ठरवलेलं.

पैसे आले की ओगल्यांच्या दोन ओळी यायच्या:
'उमरेड पोचलं. कोपरे शाबूत.
वडिलांच्या हातचा तारखेचा छाप फार सुबक.'
बाबांच्या हाताला सुबक म्हणणारं
अख्ख्या भांडेवाडीत कोणी नव्हतं.

मग साईट बदलली.
आधी नुसता रंग, त्याचं काही नाही.
मग लिलावच गेला.
निश्चित किंमत, कमीत कमी चारशे नव्व्याण्णव,
त्यातले अठरा टक्के त्यांचे,
फोटो पांढऱ्याशुभ्र कागदावर,
आणि पाकिटावर फक्त काळ्या रेघांचा कोड.
कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही.
मी झाले 'प्रिय विक्रेता'.
ओगले झाले ओ*७.
निरोपात मिरज लिहिलं
तरी मिरजेच्या जागी चांदण्या उगवतात.

मुलगा म्हणतो, काहून मनाला लावून घेते, आई?
पाचशेला एक विक, एकतीसच्या सोळांची बरोबरी.
हिशेब त्याचा चुकत नाही.
पण दोन रुपयांच्या तिकिटाचे पाचशे
मागायचे कोणत्या तोंडानं?
छोटी लाईन उखडली तेव्हाही
फायदाच सांगितला होता सगळ्यांनी.
मोठी गाडी तितूरला थांबेल का,
तेवढं मात्र कोणी सांगेना.

काल ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली,
सापडलं.
तितूर ते कुही. अर्धं. मुलाचं.
सहा वर्षं ओगले हेच एक मागत होते.
बाकीची स्टेशनं त्यांच्या वहीत ओळीनं,
मधे एका तिकिटाएवढी जागा.

जुन्या रजिस्टरीच्या पावत्या तारेला टोचलेल्या,
सगळ्या उतरवल्या.
कोऱ्या. शाई उडून गेलेली.
एकीवर कसेबसे तीन आकडे: ४१०.

इतवारीच्या पोस्टात खिडकीमागची पोरगी म्हणाली,
काकू, पत्ता पूर्ण टाका ना.
हाच पूर्ण आहे, म्हटलं:
ओगले, रेल्वेची तिकिटं जमवणारे, मिरज.
मागे माझं नाव, गल्ली, भांडेवाडी, नागपूर,
फोनसुद्धा.
तिनं पाकीट काट्यावर ठेवलं.
काट्यानं जरा वेळ विचार केला.

घरी येऊन पावतीवरची अक्षरं
बॉलपेननं एकेक गिरवली,
मग तारेला टोचली.