मान मातीबाहेर

दिवाडीची फेरी सुटता सुटता
क्लोटिल्डनं पुडी दिली: अमरिलिसचे तीन कंद.
"मान मातीबाहेर ठेव. पुरलंस तर कुजतं."

मेमध्ये लाल फुलं. दांडे कापले, पानं राखली.
दिवाळीनंतर पाणी तोडलं.
नवरा म्हणाला, मेलंय ते, टाक.
कुंडी आडवी केली जिन्याखाली, सिलिंडरशेजारी.
कठीण तेच:
सवयीनं भरलेला तांब्या
रोज तुळशीत ओतायचा.

त्याच हिवाळ्यात क्लोटिल्ड घराला कुलूप लावून
मुलीकडे स्विंडनला गेली.

शिगम्यात कुंडी उचलली.
दोन कंदांत बोट सहज रुतलं.
तिसऱ्याच्या मानेतून
हिरवी चोच, बाजूला कललेली,
जिन्याच्या फटीकडे.

अर्धा पेला पाणी घातलं. जास्त नाही.
तिकडे अजून थंडी असेल.