समासातली पेन्सिल

'एखादा चांगला खून आहे का?'
असंच विचारायचे सगळे,
पहिल्या पाळीहून सुटलेले,
मनगटावर अजून कापसाची लव.
पोयबावडीच्या नाक्यावर आमची लायब्ररी,
आठ बाय दहा, वर माळा.
दादा न बघता हात वर करायचे
आणि खून काढून द्यायचे.
दिवसाला पंचवीस पैसे.

मी तेरा वर्षांची.
सुरा फासळ्यांत शिरला की माझे पाय गार पडायचे,
आणि मी भराभर पानं उलटायची
मेलेल्याकडे वळून न बघता.
तो पहिल्याच प्रकरणात मेलेला असे,
त्याचं काम संपलेलं.

लवू घाडीगावकर मात्र त्याच्यापाशी थांबायचा.
इस्पितळाच्या शवागारात नोकरी,
अंगाला फिनेलचा वास, खिशात पेन्सिलचा तुकडा.
पुस्तक परत आलं की समासात त्याचं बारीक अक्षर:
'रक्त इतका वेळ लाल राहत नाही.'
'एकट्याला उचलणार नाही. दोघं लागतात.'
'डोळे आपोआप मिटत नाहीत. कुणीतरी मिटावे लागतात.'
आणि जिथे इन्स्पेक्टर प्रेत ओलांडून
सिगारेट पेटवतो, तिथे:
'ह्याची चप्पल कुठे गेली? घरचे चप्पल विचारतात.'

गिऱ्हाइकं कुरकुरली. दादांनी मला खोडरबर दिलं.
मी पुसत बसले दुपारभर.
चप्पल तेवढी पुसली नाही.

मग त्र्याण्णवचा जानेवारी.
अकरा दिवस शटर खाली.
उघडलं तर दाराशी रांग,
खून द्या, खून, जाडा असेल तर बरा.
मला कळेना, ह्यांचं पोट भरलं नाही का एवढ्यात?
दादा वही उघडत म्हणाले,
'पुस्तकातला खुनी शेवटी सापडतो गं.'

लवू महिन्याने आला. दाढी वाढलेली.
'ज्यात कुणी मरत नाही, असं काही आहे?'
मी लहान मुलांचा खण उपसला.
राक्षसाचा जीव पोपटात,
पोपटाची मान राजपुत्राच्या मुठीत.
सावत्र आईने परसात पुरलेली पोर,
तिच्यावर उगवलेलं डाळिंब.
शेवटी पाककृतींचं पुस्तक दिलं.
तिसऱ्या दिवशी आणून ठेवलं त्याने.
'ह्यातही सुरी आहेच,' म्हणाला,
आणि हसला की काय, मला नीट दिसलं नाही.

त्यानंतर त्याने माळ्यावरचा थोरला ग्रंथ मागितला,
कापडी बांधणीचा,
दसऱ्याला दादा ज्याला झेंडू वाहायचे.
त्यात बाण सुटले की ऊन झाकलं जातं,
मुंडकी उडतात तीसुद्धा उपमा घेऊन,
कमळं काय, ताडफळं काय.
चार महिने ठेवला. भाडं दादांनी घेतलं नाही.

परत आला तेव्हा मी पान न् पान चाळलं.
अख्ख्या युद्धात पेन्सिल नाही.
एकाही कमळाला त्याची हरकत नव्हती.
फक्त सगळं संपल्यावर,
जिथे बायका केस मोकळे सोडून रणात उतरतात
आणि अंगठीवरून, खांद्यावरच्या डागावरून
आपापला माणूस हुडकतात,
एकीला धड मिळतं, बाकीचं मिळत नाही,
तिथे समासात एकच शब्द:
'बरोबर.'

दादा गेले. लवूचं पुढे काय झालं, माहीत नाही.
लायब्ररीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
रात्री मालिकेत कुणाला तरी गोळी लागते,
नातू सरसावून बसतो. मीही.
खोटं कशाला बोलू, मला आवडतं अजून,
पाय अजून गार पडतात.
फक्त कॅमेरा खुन्यामागे धावत सुटला
की मी मागे राहते जराशी,
फरशीवर, पडद्याच्या कोपऱ्यात बघत,
चप्पल दिसते का.