शेवटचे चार आकडे

कार्ड बदलायचा माझ्या सालाचा नंबर लागला.
माझ्या, म्हणजे कार्डावरच्या.
युएन लाँगच्या केंद्रात टोकन घेऊन बसलो.
शेजारची म्हातारी जुन्या कार्डावरचा आपला फोटो
रुमालानं पुसत होती,
शाळेत धाडण्याआधी पोराचं तोंड पुसावं तशी.

खिडकीतली मुलगी माझ्या धाकटीच्या वयाची.
"नावात काही बदल?"

आमच्याकडे नावाला आकडे असतात,
एकेका अक्षराला चार, तारायंत्राच्या काळातले.
तारा गेल्या, आकडे कार्डावर राहिले, नावाखाली, बारीक.
३३८२ म्हणजे पून, घराण्याचं.
३०५५ म्हणजे शुई. पाणी. आम्हा भावांचं सामायिक;
ज्योतिषी आजोबांना म्हणाला होता,
या घरातल्या पोरांना पाणी कमी पडणार.
मग शेवटचे चार.
थोरल्याचे ३९३२: सांग, म्हणजे जगणं.
माझे १३४४: ओन, म्हणजे सुखरूप.
दोघांत फरक काय तो एवढाच.

एकोणऐंशीच्या सप्टेंबरात
खाडीत उतरलो, रात्री, ओहोटीच्या सुमारास.
फुटबॉलचे दोन ब्लॅडर, एक दोरी.
मी जन्मात कुणाला पाण्यात पाहिलं नाही.
एकदाच पाहिलं, मागे वळून,
दोरी हलकी लागली तेव्हा.

कालवांच्या शिंपल्यांनी तळवे फाडले.
सकाळी काका आले ते थोरल्याला न्यायला;
प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात
त्याचं काम ठरलेलं.
एकोणिसाव्या वर्षी काम मिळे, सोळाव्या वर्षी नाही.
काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोरीकडे,
आणि मला रांगेत उभं केलं.
टेबलामागचा साहेब म्हणाला, नाव सांग.
मी म्हणालो, सांग.
त्यानं पुस्तकात शोधून चार आकडे लिहिले.

तेव्हापासून त्याच्या वाढदिवसाला माझा केक.
पोरींच्या दाखल्यांवर बाप म्हणून तो.
बायकोला सांगितलं, थोरलीच्या वेळी, सातव्या महिन्यात.
कपबश्या विसळता विसळता ती म्हणाली,
"मग हाक कशी मारू?"
आणि पूर्वीसारखीच मारत राहिली.

गावी आईला कळवलं होतं, तोंडी, माणसाबरोबर.
तिनं कागदोपत्री बुडाला त्याचंच केलं.
दर चिंग मिंगला ओनच्या नावानं
कागदी नोटा जाळायची, कागदाचा कोट,
एका वर्षी कागदाचा फ्रीज.
वर माझ्या खात्यात पुष्कळ साचलं असणार.
त्याला तिकडे काय पोचलं असेल
हा हिशेब मला अजून लागत नाही.
एकदा मीच गेलो, लाऊ फाऊ शानच्या धक्क्यावर,
त्याच्या नावाच्या नोटा घेऊन.
वारा उलटा होता.
राख सगळी माझ्याच शर्टावर.

साठीची सवलत आहे आता, कुठंही जा, दोन डॉलर.
मी अजून एकोणसाठ.
यंत्र टुणकन वाजतं तेव्हा मनात म्हणतो,
दादा, उरलेलं तू भर.

"अंगठा ठेवा." ठेवला.
पडद्यावर हिरवं: जुळला.
अंगठा माझा, तोंडही माझंच.
थोरला दिसायला बरा होता,
या सुरकुत्या त्याच्या वाट्याला कधी आल्या नाहीत.

"नावात काही बदल? तोंडानं सांगावं लागतं."
मी तोंड उघडलं.
मागे कुणीतरी खोकलं. टोकनचा आकडा पुढे सरकला.
"नाही," म्हटलं.

जुनं कार्ड तिनं ट्रेमध्ये टाकलं,
नवं काचेखालून सरकवलं.
तीन चांदण्या, ए, आणि खाडीपलीकडे जन्मलेल्यांचा एक्स.
"एकदा वाचून घ्या, सगळं बरोबर आहे का."
चष्मा घरी राहिला होता.
बरोबर आहे, म्हटलं.